मिहानच्या आधीचं गाव

सुट्टीत पुण्याहून आलेल्या भाच्याने परवा विचारलं, "मामा, मिहान नावाचं गाव कोणी वसवलं?" हसूच आलं. अरे, मिहान गाव नाहीच मुळी! 'मल्टी-मोडल इंटरनॅशनल कार्गो हब अ‍ॅण्ड एअरपोर्ट अ‍ॅट नागपूर' या लांबलचक नावाची ती आद्याक्षरं. गावं होती ती शिवणगाव, खापरी, कलकुही, तेल्हारा, दहेगाव. त्यांतलंच एक माझं आजोळ.

2002 साली महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी स्थापन झाली आणि पुढे मामाजींचं शेत प्रकल्पात गेलं. मोबदला आला, पक्कं घर झालं, मामेभावाने गाडी घेतली. तूर-कापूस मात्र गेले ते गेलेच. मी तक्रार कुठल्या तोंडाने करू? माझा पगार त्याच मिहानमधल्या नोकरीचा.

डिसेंबर 2022 मध्ये इथल्या एम्सचं लोकार्पण झालं. गेल्या वर्षी मामाजींना तिथे दाखवायला नेलं होतं. परतताना एका रुंद रस्त्यावर त्यांनी गाडी थांबवायला लावली. दुभाजकाकडे बोट करून म्हणाले, "इथं आपला धुरा होता." मला काहीच दिसेना. त्यांना विहीर, चिंच, बैलगाडीची वाट, सगळं दिसत होतं...

खापरीचं नाव निदान मेट्रो स्टेशनवर आहे. शेतांना, विहिरींना कुठली पाटी? ती मामाजींनाच ठाऊक.

असो. भाच्याला म्हटलं, रविवारी आजोबांना घेऊन तिकडे जाऊ. येताना वही घे.