घरातील भांडी आणि मुलांचे कान

आपल्या लोकांच्या घरात शिरले की समोरच्या भिंतीवर तथागतांची आणि बाबासाहेबांची तसबीर दिसते, आणि मान जरा वळवली की मांडणीवर ओळीने लावलेली स्टीलची भांडी दिसतात. ताटे भिंतीला टेकवून उभी, वाट्या एकात एक, पेल्यांचा मनोरा, वरच्या फळीवर हंडे-कळश्या. प्रत्येक भांड्यावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेले नाव आणि तारीख. आता फ्लॅटमध्ये ट्रॉल्या आल्या, भांडी कपाटात गेली, तरी जुन्या बायका कपाट उघडून पाहुण्यांना ती दाखवतातच.

ही हौस वरवरची नाही. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळाने फुटक्या भांड्यात जेवावे असे लिहून ठेवले आहे. हे जुन्या पोथीतले म्हणून सोडून द्यावे, तर १९३५ साल काही फार दूर नाही. त्या वर्षी नोव्हेंबरात गुजरातेतील अहमदाबाद जिल्ह्यात, झानू गावी, अस्पृश्यांतील बऱ्या स्थितीच्या बायका धातूच्या भांड्यांतून पाणी आणू लागल्या. तेवढ्यावरून सवर्णांनी त्यांना मारहाण केली. बाबासाहेबांनी जातिनिर्मूलनावरील आपल्या १९३६ च्या, लाहोरला होऊ न दिलेल्या भाषणात ही घटना नोंदवली आहे. भांडे कशाचे, हा प्रश्न आपल्याकडे केवळ स्वयंपाकघराचा कधीच नव्हता.

माझी आई आता पंचाहत्तरीच्या घरात आहे. तिच्या लहानपणी गावात मोठ्या घरी कामाला गेले की चहा मिळायचा तो गोठ्याच्या वळचणीला खोचून ठेवलेल्या, कान तुटलेल्या कपात. आपणच काढायचा, आपणच विसळायचा, पुन्हा तिथेच खोचायचा. लग्न होऊन ती मुंबईला आली, घरकामे करू लागली, आणि भिशीचा पहिला नंबर लागला तेव्हा तिने सहा ताटे, सहा वाट्या, सहा पेले घेतले. आजही त्यावर तिचे नाव वाचता येते. पुढे बोहारणीला जुने कपडे देऊन डबे, पातेली, परात असे एकेक करीत तिने सारा संसार स्टीलचा केला. चिनीमातीचा कप मात्र तिच्या घरात कधी आला नाही. पाहुणा कितीही मोठा असो, चहा स्टीलच्या पेल्यातच.

अशा या घरात माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा स्टीलच्या ताटात जेवेना.

तो आता सात वर्षांचा आहे. चार वर्षांचा असल्यापासून ताट समोर आले की तो अंग चोरायचा, चमचा ताटाला लागला की दोन्ही कानांवर हात ठेवायचा आणि कधीकधी उठून मोरीत जाऊन बसायचा. बरे, हाताने जेवावे तर वरण-भात बोटांना चिकटलेला त्याला सहन होत नाही. प्रत्येक घासाला हात धुवायला जाणार. म्हणजे चमच्याशिवाय जेवता येत नाही आणि चमचा लागला की आवाज होतो, अशी दोन्हीकडून कोंडी. वजन वाढेना. शेजारपाजारचे म्हणत, "लाडावलंय पोरगं, दोन रट्टे द्या." आई म्हणायची, "आम्हाला ताट दिसत नव्हतं, आणि ह्याला ताट खुपतंय."

मी कार्यालयात लिपिक, शिक्षण बी.कॉम., त्यामुळे काही झाले की रकाने आखायची मला सवय. मुलगा सुटीत आमच्याकडे आला तेव्हा पंधरा दिवस मी वही ठेवली. कोणत्या भांड्यात दिले, कशाने खाल्ले, किती खाल्ले. स्टीलचे ताट आणि स्टीलचा चमचा असताना पोळीचा तुकडा आणि दोन-चार घास. त्याच ताटात लाकडी चमचा दिला तर अर्धा भात. लाकडी वाडगा आणि लाकडी चमचा दिला तर सगळा भात, आणि वर मागितला. पदार्थ तेच, हात वाढणारे तेच. वही बघून माझी बहीण रडली, कारण तीन वर्षे ती भाजीत आणि मसाल्यात दोष शोधत होती.

नंतर महापालिकेच्या एका रुग्णालयात व्यवसायोपचार विभागात त्याला दाखवले. तेथील बाईंनी समजावून सांगितले की काही मुलांच्या मज्जासंस्थेत आवाज, स्पर्श, चव, उजेड यांची वर्दी इतरांपेक्षा जोरात पोहोचते. अमेरिकेतील जीन एअर्स या व्यवसायोपचार तज्ज्ञ बाईंनी या विषयावर १९७२ साली पुस्तक लिहिले, तेव्हापासून त्यावर उपचाराची एक पद्धतच तयार झाली आहे. स्वमग्न मुलांत ही संवेदनशीलता पुष्कळदा आढळते आणि २०१३ पासून स्वमग्नतेच्या निदानाच्या अमेरिकन निकषांत तिचा समावेश झाला आहे. पण अशी प्रत्येक संवेदनशील मुलगी वा मुलगा स्वमग्न असतो असे नाही. आमच्या मुलात बाकीची लक्षणे डॉक्टरांना दिसली नाहीत. भगिनींनी हे मुद्दाम लक्षात घ्यावे, कारण आपल्याकडे एक तर "नखरे" तरी म्हणतात, नाही तर एकदम मोठ्या आजाराचे नाव घेऊन घाबरवून तरी सोडतात.

हा आवाज नेमका का झोंबतो, हे मी थोडे वाचून काढले. चमचा ताटावरून घासत जातो असे आपल्याला वाटते, पण प्रत्यक्षात तो अडकतो, सुटतो, पुन्हा अडकतो, आणि हे सेकंदाला हजारो वेळा होते. पातळ पत्र्याचे ताट त्या हिसक्यांनी झांजेसारखे थरथरते. लाकूड किंवा मेलामाईन तो कंप स्वतःतच जिरवून टाकते. २०१२ मध्ये इंग्लंडातील न्यूकॅसल विद्यापीठाच्या संशोधकांनी माणसांना चौऱ्याहत्तर आवाज ऐकवले आणि मेंदूचे चित्रण केले. सर्वांत नकोसा ठरला बाटलीवर सुरी घासण्याचा आवाज, दुसरा काचेच्या पेल्यावर काटा घासण्याचा, आणि फळ्यावरचा खडू तिसरा. सेकंदाला दोन ते पाच हजार कंपनांच्या टप्प्यातले आवाज सर्वांत जास्त छळतात आणि आपला कानही नेमका त्याच टप्प्यात फार तीक्ष्ण असतो. म्हणजे ताटाच्या आवाजाने दात शिवशिवणे हे तुमचे-आमचे सर्वांचेच आहे. आमच्या भाच्याला ते शंभरपट होत असेल, एवढाच फरक. रुपया-पैशांतला फरक म्हणा.

चवीचेही तसेच. आंबट वरण किंवा ताक पितळेच्या भांड्यात कळकते, म्हणून तर दारावर कल्हईवाला यायचा. भांडे भट्टीवर तापवून, नवसागर टाकून, कापसाच्या बोळ्याने कथील फिरवायचा. तो पांढरा धूर आणि पाण्यात बुडवल्यावरचा चर्र आवाज ज्यांनी अनुभवला त्यांना ते वेगळे सांगायला नको. स्टीलमध्ये क्रोमियम असते. त्याचा हवेशी संयोग होऊन अगदी पातळ, डोळ्यांना न दिसणारा पापुद्रा वर तयार होतो आणि धातू अन्नात उतरत नाही, म्हणून स्टीलला चव नाही असे आपण म्हणतो. २०१२ मध्येच संशोधकांनी एकाच आकाराच्या चमच्यांवर तांबे, जस्त, सोने यांचा मुलामा देऊन लोकांना क्रीम खाऊ घातले. तांब्याच्या आणि जस्ताच्या चमच्यातून कडवट, धातूची चव लागल्याचे त्यांनी सांगितले. सोन्याच्या चमच्याने खाणाऱ्यांचे आपण सोडून देऊ. माझ्या एका दाढेत चांदी भरली आहे, आणि स्टीलचा काटा चुकून तिला लागला की जिभेपासून कानापर्यंत विजेचा झटका बसतो. दोन वेगळे धातू आणि मध्ये लाळ, म्हणजे तोंडातच बॅटरी तयार होते. दंतवैद्यांना हे चांगले ठाऊक आहे.

स्पर्शाचा मामला तर ज्याचा त्याचा. आमच्या कार्यालयातील एका बाईंना आइस्क्रीमच्या कपातला चपटा लाकडी चमचा जिभेला लागला की अंगावर काटा येतो. कुणाला कोरड्या मातीच्या पेल्याला ओठ लावणे नकोसे होते, तर कुणी त्याच वासासाठी कुल्हडचा चहा शोधत फिरतो. आपण ज्याला 'जर्मन' म्हणतो ते ॲल्युमिनियम स्टीलच्या साधारण पंधरा पट उष्णता वाहून नेते. म्हणून जर्मनच्या थाळीतली गरम आमटी लगेच बोटांना भाजते आणि जेवण गारही लवकर होते. लाकूड स्टीलच्या शंभराव्या हिश्श्याने उष्णता नेते. भाच्याचा लाकडी वाडगा गरम आमटी घालूनही मांडीवर धरता येतो, हा त्यातला आणखी एक फायदा. तोटाही सांगते. लाकूड भिजत ठेवायचे नाही, लगेच धुऊन वाळवायचे, आणि चीर पडली की टाकून द्यायचे. मेलामाईन स्वस्त आणि हलके, पण मायक्रोवेव्हमध्ये ते घालू नये, आणि चरे पडलेले वापरू नये.

इथपर्यंत सारे सोपे होते. अवघड पुढेच होते.

गेल्या वर्षी आमच्या नात्यात लग्न झाले. जेवणाच्या पंगतीत सर्वांना स्टीलची ताटे. बहिणीने पिशवीतून लाकडी वाडगा काढला आणि मुलापुढे ठेवला. तो पाहून आईचा चेहरा उतरला. तिथे ती काही बोलली नाही, पण घरी आल्यावर जावयांसमोरच म्हणाली, "जावईबापू, तुम्ही काय बी म्हणा. चारचौघांत पोराला येगळं भांडं दिलं, ते माझ्या जिवाला लागलं. आमाला येगळा कप होता. आता आपनच आपल्या लेकराला येगळं काढायचं?"

यावर आम्हा सुशिक्षितांपैकी कुणाकडेही चटकन उत्तर नव्हते. शास्त्र, दोन ते पाच हजार कंपने, क्रोमियमचा पापुद्रा, यांतले काहीही तिथे उपयोगाचे नव्हते. 'वेगळे भांडे' या दोन शब्दांत आईचे सारे बालपण होते, आणि ते समजून न घेता तिला अडाणी म्हणणे हा आमचा उद्धटपणा झाला असता. माझ्या मेहुण्यांनीच शेवटी शांतपणे विचारले, "आई, तुमचा कप तुम्ही मागितला होता का?" आई गप्प. "आणि तो ठेवायचे कुठे? गोठ्यात. ह्याचा वाडगा तुमच्या ताटाच्या बाजूला ठेवू. तो मागेल तेव्हा द्यायचा, नको म्हणेल तेव्हा नाही."

आईला ते पटले की नाही, सांगता येत नाही. पण दुसऱ्या दिवशी तिने वाडगा उचलून मांडणीच्या खालच्या फळीवरून वर, आपल्या नावाच्या ताटांशेजारी ठेवला. एवढे मी पाहिले.

मला स्वतःला या प्रश्नात मेहुण्यांचे म्हणणे योग्य वाटते. कप लादणारा आणि कप सोसणारा निराळे होते. इथे मागणारा आणि वापरणारा एकच आहे, आणि तो आपल्याच पंगतीत, आपल्याच सतरंजीवर बसला आहे. तरीही अशा मुलाला भांडे देताना घरातल्या सर्वांनी थोडी काळजी घ्यावी. त्याचे भांडे इतरांच्या भांड्यांतच धुवावे, त्याच मांडणीवर ठेवावे, आणि 'त्याचे ते निराळे' असे पाहुण्यांसमोर बोलू नये. आमच्याकडे आता रविवारी दोघे-तिघे लाकडी चमच्यानेच भात खातात. मला तर तो आवडूही लागला आहे.

शाळेचा प्रश्न मात्र अजून सुटलेला नाही. मुलाच्या शाळेत दुपारचे जेवण एका हॉलमध्ये होते आणि शंभर-सव्वाशे स्टीलची ताटे एकाच वेळी वाजतात. तिथे नुसता वाडगा पुरत नाही. दिव्यांग व्यक्तींच्या २०१६ च्या हक्क कायद्यात कलम १६ नुसार शाळेने गरजेप्रमाणे वाजवी सोयी पुरवायच्या आहेत, पण आमच्या मुलाकडे दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र नाही, आणि डॉक्टर म्हणतात त्याची गरजही नाही. तेव्हा कायद्याचे पुस्तक घेऊन मुख्याध्यापिकांकडे जाता येत नाही, विनंतीच करावी लागते. पहिल्या भेटीत त्यांनी "सगळ्यांना एकच नियम" असे सांगून आम्हाला परत पाठवले. दुसऱ्या भेटीत मी वही नेली. वर्गशिक्षिकेने ती उघडून वाचली, पाने उलटली, आणि विचारले, "व्हरांड्याच्या टोकाला, दाराजवळ बसला तर चालेल का? त्याचे दोन मित्रही बसतील त्याच्याबरोबर."

बहिणीने मुलाला विचारले. तो म्हणाला, मित्र कोण ते मी ठरवणार. त्याने दोन नावे सांगितली आहेत आणि ती वर्गशिक्षिकेपर्यंत पोहोचली आहेत. सोमवारपासून सुरुवात आहे.