दुपारी बंद पडणारा ट्रॅक्टर

गडचिरोलीहून पूर्वेला मुरूमगावच्या रस्त्याने निघाले की तासाभराच्या आत धानोरा येते. दोन्ही अंगांना साग, मोह आणि बांबूचे रान, आणि रानातून मोकळ्या केलेल्या धानाच्या बांध्या. पाऊस पडला की बांधीत चिखलणी करायची, पऱ्हे उपटून रोवणी करायची, आणि हे सारे मोजक्या दिवसांत उरकायचे. वीस-पंचवीस दिवसांचे रोप लावले तर ते जोमाने फुटवे धरते. जून झालेले रोप नुसते उभे राहते. म्हणून ज्या घरी बैलजोडी नाही, त्या घराला दुसऱ्याचे औत मोकळे होण्याची वाट पाहणे परवडत नाही.

अशाच घरांतील बायकांच्या एका बचत गटाने छोटा ट्रॅक्टर घेतला होता. भंगारात निघालेल्या मोटारीचे पेट्रोल इंजिन, कुठला तरी गिअरबॉक्स आणि वेल्डिंगने जोडलेला सांगाडा, अशी ती एका वर्कशॉपमधली गावठी जोडणी. कंपनीचा ट्रॅक्टर त्यांच्या ऐपतीपलीकडचा होता, आणि लहान बांध्यांत वळायला हाच बरा, असाही विचार त्यामागे होता. गटाची हिशेबाची वही पाहण्यासाठी त्या मला अधूनमधून बोलावीत. मे महिन्याच्या नांगरणीची पाने मी चाळली तेव्हा भाड्याच्या रकान्यात जवळजवळ प्रत्येक दिवस अर्धाच दिसला. खर्चाच्या रकान्यात मात्र प्लग, पॉइंट, कंडेन्सर, कार्बोरेटरची सफाई, पुन्हा प्लग आणि पुन्हा सफाई.

यंत्र सकाळी उत्तम चाले. अकरा-बाराच्या सुमारास ते धापा टाकू लागे आणि बांधीच्या मधोमध उभे राही. तासाभराने आपोआप सुरू होई. जेवणाच्या सुटीत बंद केले, तर सुटीनंतर हटकून रुसे. सायंकाळी मात्र त्याला काही झालेच नव्हते असे वागे. मिस्त्री येई तोवर इंजिन निवलेले असे, त्यामुळे त्याने जे बदलले त्यानेच ते सुरू झाले, असा त्याचा आणि सर्वांचा समज होई. सेमिनरीत तर्कशास्त्र शिकविताना आमचे प्राध्यापक बजावीत की, एका गोष्टीनंतर दुसरी घडली म्हणून पहिलीमुळे दुसरी घडली असे ठरत नाही. त्या वहीत या नियमाची किंमत रुपयांत मांडलेली होती.

पण खरी किंमत चालवणारा मुलगा मोजत होता. बाविशीचा गोंड तरुण, रोजाने ट्रॅक्टर चालविणारा. दुपारीच यंत्र बंद पडते, त्या अर्थी दुपारी हा मोहाची घेतो आणि झाडाखाली झोपण्यासाठी यंत्राचे निमित्त करतो, अशी गावात बोलवा झाली. गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे. तिथे असा आरोप हलका नसतो. एकदा नाव पडले की पुढचे कामही त्या नावाच्या मागून जाते. त्याला काढून टाकण्याचा विचार बैठकीत निघाला. लेखा-मेंढा हे गाव येथून अगदी जवळ. आधी अभ्यास, मग सर्वांच्या संमतीने निर्णय, अशी त्या गावाची पद्धत सुप्रसिद्ध आहे. त्या वाऱ्याचा परिणाम असेल, पण एका आजीबाईंनी, “आधी गाडी पाहा, मंग पोराले काढा,” असे सुचविले आणि आठवड्याची मुदत मिळाली.

“फादर, मी पेलो नाही,” तो मुलगा मला म्हणाला. “सकाळी घोड्यावानी चालते, ऊन चढलं का मरते. आता मी काय करू?”

ऊन चढले की मरते, हे वाक्य मी पूर्वी ऐकलेले होते. माझे वडील मुंबईत टॅक्सी चालवीत, पद्मिनी. उन्हाळ्यात भाडे घेऊन बोरघाट चढायचा असला की ते डिकीत पाण्याची बाटली आणि एक जुना पंचा न चुकता ठेवीत. घाटात मध्येच इंजिन अडखळू लागले की बॉनेट उघडून, पंचा भिजवून इंजिनाच्या कुशीतल्या लहानशा पंपाभोवती गुंडाळायचा, दहा मिनिटे थांबायचे आणि पुढे निघायचे. जुने मिस्त्री त्या पंपाला ‘एसी पंप’ म्हणतात. घाटात अशा उघड्या बॉनेटच्या गाड्यांची रांगच लागलेली असे. “पेट्रोल उकळलंय,” एवढेच वडिलांचे स्पष्टीकरण होते, आणि ते शब्दशः खरे होते.

पाणी शंभर अंशांवर उकळते तसा पेट्रोलचा एकच उत्कलनबिंदू नसतो. ते अनेक द्रव्यांचे मिश्रण; त्यातील हलके अंश ३५ अंशांच्या आसपास वाफ होऊ लागतात, जड अंश २०० अंशांपर्यंत टिकतात. त्यातच दाबाचा भाग येतो. प्रेशर कुकरमध्ये दाब वाढतो म्हणून पाणी शंभराच्या पुढे तापूनही उकळत नाही, हे प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे. इंधनाच्या नळीत याच्या उलट घडते. इंजिनावरचा पंप खालच्या टाकीतून पेट्रोल ओढतो, ओढताना नळीतला दाब उतरतो, आणि उतरलेल्या दाबाला पेट्रोल आणखी कमी तापमानात उकळते. नळीत वाफेचा फुगा धरला की पंपाचा पडदा त्या फुग्यालाच दाबत आणि सोडत राहतो. पेट्रोल पुढे सरकत नाही. इंग्रजीतून आलेला शब्द ‘वेपर लॉक’, म्हणजे वाफेने घातलेले कुलूप.

याची डिझेलच्या ‘हवा धरण्या’शी गल्लत करू नये. मोठे ट्रॅक्टर डिझेलचे असतात. डिझेल इतक्या सहज उकळत नाही. तिथे सांध्यातून बाहेरची हवा शिरते आणि ती पंप मारून काढावी लागते. आमच्या मिस्त्रीचा सारा हात डिझेलवर बसलेला, म्हणून तो प्रत्येक वेळी सांधे आवळीत असे. त्याचा अनुभव खोटा नव्हता, तो दुसऱ्या इंधनाचा होता.

मग पेट्रोलच्या सर्व गाड्या का थांबत नाहीत? मोटार धावते तेव्हा वारा इंजिनाची उष्णता वाहून नेतो. नांगराला जुंपलेला ट्रॅक्टर मात्र पूर्ण जोर लावीत माणसाच्या चालीने जातो. एक्झॉस्टचा लोखंडी मॅनिफोल्ड अशा ओझ्याखाली काहीशे अंश तापतो आणि भोवती वारा नाही. मे महिन्यात या भागातला पारा पंचेचाळिशीला टेकतो. म्हणजे हलके अंश टाकीतच उकळण्याच्या बेतात असतात. इंजिन थांबविल्यावर तर आणखी वाईट. पंखा थांबतो, पाणी फिरायचे थांबते, आणि लोखंडात साठलेली उष्णता कार्बोरेटरकडे सरकते. जेवणानंतरच्या रुसव्याचे कारण हे.

दुसऱ्या दिवशी आम्ही भर बारा वाजता बांधीवर गेलो, मिस्त्रीलाही आग्रहाने नेले. इंजिन थांबले. प्रथम प्लग काढून ठिणगी पाहिली, कारण तापलेली इग्निशन कॉइलही अगदी असाच दगा देते. ठिणगी निळी आणि चांगली होती. टाकीचे झाकण हळूच उघडले. झाकणातले हवेचे छिद्र बुजले असेल तर टाकीत पोकळी होते आणि पेट्रोल येत नाही. पण छिद्र मोकळे होते. मग पारदर्शक फिल्टरकडे पाहिले. त्यात पेट्रोल नव्हते, नुसता फेस होता. वडिलांची युक्ती करून ओले फडके पंपावर ठेवले. पंपावरच, तापलेल्या मॅनिफोल्डवर नव्हे. बिडाच्या त्या तुकड्यावर गार पाणी पडले तर तो तडकतो. थोड्या वेळाने इंजिन पहिल्या फिरकीला लागले. बांधावर उभ्या असलेल्या बायकांपैकी एकीने त्या मुलाकडे पाहिले आणि मान खाली घातली. कोणी काही बोलले नाही.

दोष डोळ्यांसमोर होता. वर्कशॉपमध्ये जोडणी करणाऱ्याने तांब्याची नळी जवळच्या वाटेने, म्हणजे मॅनिफोल्डला वीतभर लगटून नेली होती, आणि नळी हलू नये म्हणून लोखंडी क्लिपने सायलेन्सरच्याच पट्टीला बांधली होती. तांबे उष्णता किती भराभर नेते हे स्वयंपाकघरात सर्वांना ठाऊक असते. नळीचा मार्गही मध्ये कमानीसारखा उंचावून पुन्हा खाली येणारा. वाफ नेमकी अशा कमानीत साठते. उलट ठिणगी पडण्याची वेळही मागे गेलेली होती. ठिणगी उशिरा पडली की जळण उशिरापर्यंत चालते आणि एक्झॉस्ट अधिक तापतो.

दुरुस्ती इंजिन पूर्ण निवल्यावर सायंकाळी झाली, कारण तापलेल्या एक्झॉस्टशेजारी पेट्रोलची नळी सोडणे म्हणजे आगीला निमंत्रण. नळी इंजिनाच्या दुसऱ्या बाजूने नेली, पंपापर्यंत सतत चढत जाईल अशी. पंप आणि मॅनिफोल्ड यांच्यामध्ये पत्र्याची दुहेरी ढाल उभी केली, दोन पत्र्यांत बोटभर फट ठेवून. त्या फटीतली हवाच खरे रक्षण करते. कार्बोरेटरखाली बॅकेलाइटची जाड चकती बसविली. पंपाच्या पुढे एक टी जोडून बारीक छिद्रातून थोडे पेट्रोल सतत टाकीत परत जाईल अशी नळी काढली. हा उपाय मला सर्वांत सुंदर वाटतो. पेट्रोल वाहते राहिल्याने तापायला सवड मिळत नाही आणि झालेली वाफही टाकीकडे निघून जाते. रेडिएटरच्या जाळीतला भुसा काढला, ठिणगीची वेळ लावली. टाकीजवळ विजेवरचा पंप बसवावा असे मिस्त्रीने सुचविले. तो पेट्रोल ओढण्याऐवजी ढकलतो, म्हणून नळीतला दाब उतरत नाही. सूचना योग्य होती, गटापाशी तेवढे पैसे नव्हते. इंजेक्शनच्या आजच्या मोटारींत पंप टाकीतच बुडालेला असतो, म्हणून नव्या पिढीला ओल्या पंचाची गंमत कळत नाही.

अमेरिकेत पूर्वी लोक इंधनाच्या नळीवर कपडे वाळत घालण्याचे लाकडी चिमटे लावीत. अजूनही काही जण त्यांची शपथ घेतात. चिमटे लावीपर्यंत इंजिन निवत असावे, असा माझा तर्क आहे.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे पहिले प्रयोग आपल्या देशात २००१ साली झाले, त्यांत आपल्या राज्यातील मिरज आणि मनमाड ही ठिकाणे होती. आता वीस टक्क्यांपर्यंत मिश्रण आले आहे. ते २०२३ मध्ये सुरू होऊन देशभर पसरले. शुद्ध इथेनॉल ७८ अंशांवर उकळते, तेव्हा त्याने वाफ कमी व्हावी असे वाटेल. पण पेट्रोलात थोडे मिसळले की मिश्रणाचा बाष्पदाब मूळ पेट्रोलहूनही वाढतो. दहा टक्क्यांच्या आसपास ही वाढ सर्वाधिक, पुढे किंचित उतरते. भारतीय मानकात ‘वेपर लॉक इंडेक्स’ची मर्यादा उन्हाळ्यासाठी अधिक कडक ठेवलेली आहे, पण मानक लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर भंगारातून जोडलेला ट्रॅक्टर असण्याचे कारण नाही. जुन्या रबरी नळ्या इथेनॉलने मऊ पडतात आणि चिरतात, म्हणून आम्ही त्याही बदलल्या. सारा खर्च वहीतल्या प्लग आणि सफायांच्या बेरजेहून कमी आला.

जूनमध्ये ट्रॅक्टर दिवसभर चालला, चिखलणीलाही पुरला. मुलगा कामावर राहिला. त्याला मी एक सवय लावून घ्यायला सांगितले होती: जेवायला उतरण्यापूर्वी नांगर उचलून इंजिन दोन-तीन मिनिटे मंद चालू ठेवायचे, म्हणजे पंखा आणि पाणी अंगातली उष्णता काढून नेतात. तो ते न चुकता करतो. परवाच्या बैठकीत त्याच्याविषयी नवी तक्रार आली की, हा रिकामे इंजिन चालवून गटाचे पेट्रोल जाळतो. तक्रार वहीत लिहून घेतली आहे, आणि तिच्यावर पुढच्या महिन्यात चर्चा ठेवली आहे.