यवन आणि यूनानी

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवतो. राहायला परळच्या चाळीत. एकदा सातवीतल्या एका मुलीने जुनी ऐतिहासिक गोष्ट वाचता वाचता विचारले, "टीचर, यवन म्हणजे कोण?" आम्ही तोंड उघडायच्या आत मागच्या बाकावरून उत्तर आले, "यवन म्हणजे आपण!" वर्ग हसला. ती मुलगी मात्र हसली नाही. तिने पुस्तक मिटले. लहानपणी या शब्दापाशी आम्हीही असेच पुस्तक मिटले होते. बी.एड. झालो, तरी त्याचे उत्तर शोधले नव्हते.

शनिवारी शाळा सुटल्यावर दादरला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय गाठले आणि कोश उघडले. यवन म्हणजे मूळचा ग्रीक! आजच्या तुर्कस्तानच्या पश्चिम किनाऱ्यावर आयोनिया नावाचा ग्रीकांचा मुलूख होता. त्याच नावाचे इराण्यांच्या तोंडी 'यौन' झाले, संस्कृतात 'यवन'. पाणिनीच्या व्याकरणातही हा शब्द आहे. कार्ल्याच्या लेण्यात तर खांबांवर धेनुकाकटच्या यवनांनी दान दिल्याचे लेख आहेत, सुमारे २००० वर्षांपूर्वीचे. पुढे पश्चिमेकडून आलेल्या कोणत्याही परक्याला यवन म्हणू लागले आणि शेवटी ते नाव मुसलमानांना चिकटले.

तोच आयोनिया अरबीत 'यूनान' झाला. त्याचे विशेषण यूनानी. आम्ही थबकलो. खोकला झाला की दादी आम्हाला हकीमसाहेबांकडे न्यायची. तिथली 'यूनानी दवाखाना' ही पाटी वाचतच तर आम्ही अक्षरे जुळवायला शिकलो! बुकरात आणि जालीनूस या ग्रीक वैद्यांची विद्या अरबांनी आपल्या भाषेत आणली, इब्न सीनासारख्यांनी वाढवली. पण ज्यांच्याकडून घेतली त्यांचे नाव पुसले नाही. एकाच शब्दाची ही दोन लेकरे. एकाने परके ठरवले, दुसऱ्याने उपकार लक्षात ठेवले.

सोमवारी दोन्ही शब्द फळ्यावर शेजारी शेजारी लिहिले आणि सगळे सांगितले. मागच्या बाकावर कुणी हसले नाही. त्या मुलीने विचारले, "मग गोष्टीत चूक लिहिलंय?"

आम्ही म्हटले, "लिहिणाऱ्याच्या काळात तोच अर्थ रूढ होता, बेटा. पण शब्द त्याहून जुना आहे."

तिने पुस्तक उघडले आणि त्या शब्दाशेजारी पेन्सिलीने, उर्दू लिपीत, लिहिले : यूनानी.