अंगठा

मुरबाडच्या एका कातकरी वाडीत मी पिशवीतून संशोधनाचं संमतिपत्र काढलं आणि तोंड उघडायच्या आत बाईनं अंगठा पुढे केला. “कुठं लावू?” विटा थापून अंगठ्याच्या रेषा झिजलेल्या. कागदावर नुसता निळा डाग उमटला. माझ्या फायलींत असे शेकडो डाग आहेत. 22 वर्षांत शहापूर-मुरबाडच्या एकाही पाड्यावर मला नकार मिळाला नाही, हे मी प्रशिक्षणांत अभिमानानं सांगत आले होते.

त्या अंगठ्याचा इतिहास मला ठाऊक होता. लग्नासाठी कर्ज काढून मालकाकडे राबणारे लग्नगडी जुन्या ठाणे जिल्ह्यातलेच. 1976 साली वेठबिगारीविरुद्ध कायदा आला, तरी वीटभट्टीवाल्याची उचल घेऊन कुटुंबं दिवाळीनंतर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. अंगठा म्हणजे देणं. तो मागणाऱ्याला नाही म्हणायची सोय नसते. तरीही ते होकार मी माझ्या गोड बोलण्याच्या खाती मांडले.

आश्रमशाळेत मुख्याध्यापकांची एक सही घेऊन वर्गच्या वर्ग उरकणारे संशोधक आहेत. त्याला मी संशोधन मानत नाही. आईबाप भट्टीवर असतील तर भट्टीवर जावं, आणि शेठ समोर असताना विचारू नये. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) 2017 च्या सूचना 7 ते 12 वर्षांच्या मुलाचाही तोंडी होकार मागतात. पण आईलाच नाही म्हणता येत नसेल, तर लेकरू कुठून म्हणणार?

गेल्या वर्षी नजर अधू झाली म्हणून शहापूरच्या एका वाडीतली मुलगी मदतीला घेतली. तिनं कागद काढलाच नाही. चुलीपाशी बसून म्हणाली, “मावशी, हा उचलीचा कागद नाही. नाही म्हटलंस तर रेशन, खावटी, शाळा, काही अडणार नाही. पोराला काय विचारणार ते ऐक, मग तूच मला सांग.” बाई दोनदा अडखळली. तिसऱ्यांदा सगळं नीट सांगितलं आणि म्हणाली, “नको. तो भट्टीवरचं बोलेल, शेठच्या कानावर जाईल.”

नाव बदलून लिहितो, हे सांगायला मी पुढे सरकले. मुलीनं माझा हात दाबला. मला राग आला, अभ्यासाला घरं कमी पडतील म्हणून. घरी परतताना हेवा वाटला. इतका विचार करून दिलेलं उत्तर मला कुणी कधी दिलं नव्हतं.

त्या वाडीत 26 घरं. आठांनी नाही म्हटलं.