काट्यावर चढलेली सुमो

बदल केलेली गाडी लांबच्या प्रवासासाठी तयार करताना सर्वांत आधी तिचे वजन पाहावे लागते. बहुतेक मालक ते सर्वांत शेवटी पाहतात किंवा पाहतच नाहीत. कारखान्यातून निघालेल्या गाडीची चासी, पाटे, ब्रेक आणि टायर एका ठरलेल्या कमाल भाराच्या हिशेबाने जमवलेले असतात. नंतर पुढे लोखंडी बंपर आला, त्यात विंच बसली, टपावर कॅरियर आणि कॅरियरवर तंबू चढला, तरी उत्पादकाच्या पाटीवरचा आकडा तोच राहतो. लेहला न्यायची म्हणून पिंपरी ते चाकण या पट्ट्यात तयार करून घेतलेल्या एका टाटा सुमोची ही हकिगत आहे.

सुमो १९९४ साली आली, पिंपरीच्या टेल्कोतून. टेल्कोची घडण ज्यांनी केली त्या सुमंत मुळगावकरांच्या नाव-आडनावाची पहिली अक्षरे जोडून तिचे नाव झाले. २०१९ मध्ये तिचे उत्पादन थांबले. गाडी जन्मली इथे, तेव्हा तिची डागडुजीही इथेच व्हावी, असा प्रस्तुत लेखकाचा हट्ट होता. चकचकीत ॲक्सेसरी शोरूमविषयीचा जुना राग त्यामागे होता, हेही खरे. गाडीत काय घालायचे ते तिथे तासभर सांगतात. काय काढायचे, हे कोणी सांगत नाही.

तयारीचा पहिला टप्पा कागदाचा. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी प्रमाणपत्रातील मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हाच अर्थ पक्का केला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ मध्ये बेकायदा बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा, दर बदलामागे, पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद झाली. पुढे लावायच्या लोखंडी गार्डवर तर केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच बोट ठेवले होते. असा गार्ड धडकेत पादचाऱ्याला जास्त इजा करतो, आणि ज्या गाडीत एअरबॅग आहेत तिथे त्यांच्या कामातही अडथळा आणतो. एमएच-१४ च्या पाट्या लावलेल्या कितीतरी गाड्या तसल्या बंपरसह रोज नाशिक फाट्यावरून जातात. ही सुमो त्यांतलीच एक होती.

पिंपरीतली कामे नेहमीची: रेडिएटरचे पाइप, पंख्याचा पट्टा, ब्रेकचे लायनर, चाकांचे बेअरिंग. एकच वाद झाला. मेकॅनिकला डिझेल पंप ‘थोडा वाढवून’ द्यायचा होता, घाटात ताकद मिळावी म्हणून. लेहच्या वाटेवरचा तांगलांग ला ५,३०० मीटरपेक्षा उंच आहे. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्म्यावर येतो. हवाच कमी, तिथे डिझेल वाढवले तर ताकदीऐवजी काळा धूर मिळतो. पंप आहे तसा ठेवून एअर फिल्टर तेवढा बदलला.

भोसरीत मात्र मन रमते. एमआयडीसीच्या एका गल्लीत लेथ, दुसरीत प्रेस शॉप, तिसरीत पावडर कोटिंग. मोठ्या कारखान्यांची जॉब वर्कची कामे करता करता हे लोक एखाद्या सुट्या गिऱ्हाईकाचे बुशही टर्न करून देतात, आणि मायक्रोमीटर लावल्याशिवाय हातात देत नाहीत. इंजिनाच्या ऑइल चेंबरखाली लावायची पत्र्याची ढाल इथेच बनली. तीन मिलिमीटरची पुरते, पाच मागू नका, असे वर्कशॉपवाल्याने सुनावले. वजनाबद्दल मिळालेली ती पहिली सूचना होती. तेव्हा ती कानाआड गेली.

टायरचा हिशेब इथेच सांगून टाकलेला बरा. मूळ २१५/७५ आर १५ मापाच्या जागी २३५/७५ आर १५ घातले होते. टायरचा व्यास त्यामुळे ७०४ मिलिमीटरवरून ७३४ वर जातो, म्हणजे सव्वाचार टक्क्यांनी वाढतो. स्पीडोमीटर ८० दाखवतो तेव्हा गाडी ८३ ने धावत असते. किलोमीटरही कमी मोजले जातात आणि ॲव्हरेज घटले अशी उगाच तक्रार सुरू होते.

खरे प्रकरण घडले मोशीच्या पुढे. पुणे-नाशिक रस्त्याला लागून ट्रकचे पाटे बांधणाऱ्यांची दुकाने आहेत. अशाच एका दुकानात सुमो नेली, कारण सामान भरल्यावर तिची मागची बाजू खाली बसत होती. दुकानाचे मालक सत्तरीकडे झुकलेले, नगर जिल्ह्यातले. सगळे त्यांना मामा म्हणत होते.

“मामा, मागं दोन्ही बाजूला एकेक पाटा वाढवायचाय. गाडी बसतीय.”

“कशानं बसती?”

“सामानानं.”

“किती सामान हाय?”

याला उत्तर नव्हते. मामांनी पान्याने समोरचा रस्ता दाखवला.

“मग आधी काट्यावर घ्या. रिकामी नको, सगळं भरून. माणसं पण बसवा. डिझेल फुल्ल करा.”

खडीच्या डंपरमागे रांग लावून सुमो वजनकाट्यावर चढली. काट्याची रीत सोपी आहे. आधी चारही चाके फलाटावर घेऊन एकूण वजन घ्यायचे, मग फक्त पुढची चाके फलाटावर ठेवून पुढच्या आसाचे. वजाबाकी केली की मागच्या आसाचा भार कळतो. पावतीवरचा एकूण आकडा उत्पादकाच्या पाटीवरच्या कमाल वजनापेक्षा १८० किलोंनी जास्त निघाला, आणि त्यातला मोठा वाटा मागच्या आसावर होता.

मामांनी पावती डोळ्यांपासून लांब धरून वाचली. “पाटा घातला की वजन कमी होतं का, साहेब?”

गाडी उचलली जाईल, एवढेच त्यांना सांगता आले.

“गाडी उचलंल. पण बिरेक तेवढाच, बेरिंग तेवढंच, टायर तेवढाच. त्यांला कोण उचलणार?”

त्यानंतर खाली वाकून त्यांनी सुमोचे पाटे दाखवले. जुन्या ट्रकला एकमेकांवर दाबून बसवलेले, सारख्या जाडीचे, उतरत्या लांबीचे अनेक पाटे असतात. त्यांच्या चळतीत एखादा जादा पाटा सरकवता येतो. सुमोच्या मागे पॅराबोलिक पाटे आहेत. प्रत्येक पाटा मध्ये जाड आणि टोकांकडे पातळ होत जाणारा, आणि पाटे एकमेकांना फक्त मध्यावर व टोकांपाशी टेकतात. ताण लांबीभर सारखा वाटला जावा म्हणून ही रचना असते, त्यामुळेच थोड्या पाट्यांत काम भागते आणि आपसातले घर्षण कमी राहते. त्यात साधा सपाट पाटा घुसवला की तो मधल्या मोकळ्या जागेत अडतो, शेजारच्याला घासतो आणि ओरखडा पडेल तिथे पुढे चीर जाते. पाटे तापवून त्यांना पुन्हा बाक आणि पाणी देण्याचा पर्यायही मामांनी उडवून लावला. कारखान्यात मोजून दिलेले पाणी भट्टीवर अंदाजाने परत देता येत नाही, आणि रोहतांगच्या पुढे पाटा तुटला तर अंदाज करणारा तिथे नसतो, हे त्यांचे म्हणणे.

मग हिशेब सुरू झाला. शेजारच्या भंगारवाल्याचा छोटा काटा आणला गेला. मामा फरशीवर खडूने आकडे मांडू लागले: बंपर आणि विंच ९५, तंबू ६०, कॅरियर ४०, डिझेलचे भरलेले दोन कॅन ४२, जादा स्टेपनी ३०. आपण हौसेने घेतलेल्या वस्तू अशा किलोत मांडलेल्या पाहणे फार अपमानास्पद असते. लेखकाचा चेहरा पडलेला पाहून चहा आला. तो अतिगोड होता आणि त्या दिवशी तोही खटकला.

डिझेलच्या कॅनवर पहिली लढाई झाली. लिटरला साधारण ८४० ग्रॅम, म्हणजे वीस लिटरचे सतरा किलो, वर लोखंडी कॅनचे चार. मनाली-लेह रस्त्यावर टांडीच्या पंपाशी ‘पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर’ अशी प्रसिद्ध पाटी आहे, हा लेखकाचा हुकमी मुद्दा.

“टाकी फुल्ल केल्यावर गाडी किती जाती?”

“पाचशेच्या वर.”

“मग टाकी कशाला दिलीया त्यांनी?”

कॅन खाली उतरले. तंबूला जास्त वेळ लागला. टपावरचे साठ किलो हे सीटखालच्या साठ किलोंसारखे नसतात. गुरुत्वमध्य वर जातो आणि वळणावर गाडी जास्त कलते. सुमोसारख्या उंच गाडीला हे विशेष बाधते. मामांनी यातले काहीच सांगितले नाही. त्यांनी गाडीचे टप धरून ती दोनदा हलवली आणि ती हलणे थांबेपर्यंत लेखकाकडे बघत राहिले. तंबू उतरला. बंपरबद्दल बोलायची गरजच उरली नव्हती; कायद्याचे कलम लेखकालाच पाठ होते. एकूण १९७ किलो कमी झाले आणि सुमो मर्यादेच्या १७ किलो खाली आली. जादा स्टेपनी मामांनी स्वतःहून ठेवली. दगडी रस्त्यावर एका दिवशी दोन टायर फाटलेले त्यांनी पाहिले होते.

बंपर उतरवून जुना बसवायला आणि पाट्यांचे बुश, सेंटर बोल्ट व यू-बोल्ट नवे घालायला दुपार लागणार होती. तेवढ्यात पीएमपीच्या बसने चाकण गाठले. तळेगाव चौकातल्या कोंडीत बस अडकली, तेव्हा उरलेले अंतर पायी तोडून संग्रामदुर्ग पाहिला. भुईकोट किल्ला, खंदकाच्या खुणा आणि राहिलेल्या भिंती. १६६० च्या पावसाळ्यात फिरंगोजी नरसाळ्यांनी मूठभर शिबंदीनिशी तो शाइस्ताखानाच्या प्रचंड फौजेपुढे दोन महिन्यांच्या आसपास लढवला. शेवटी सुरुंगाने बुरूज उडाला. आत किती दाणा, किती दारू, किती पाणी भरले असेल, हाच प्रश्न त्या दिवशी डोक्यात घोळत होता. एरवी किल्ल्यावर असले काही सुचत नाही.

परतल्यावर मामांनी पैसे बुश-बोल्टांचे आणि मजुरीचेच घेतले, आणि पाचशे किलोमीटर झाले की यू-बोल्ट पुन्हा आवळायला बजावले. नवे बोल्ट सुरुवातीला बसतात आणि सैल पडतात. पाटे तुटण्याचे ते नेहमीचे कारण आहे.

चाचणीसाठी भरलेली गाडी राजगुरुनगर-वाडामार्गे भीमाशंकरला नेली. चढावर पाण्याचे तापमान वाढले नाही, उतारावर ब्रेकला वास आला नाही. एका खड्ड्यात मागून ठोका ऐकू आला. तो सैल जॅकचा निघाला. पाचशे किलोमीटर भरायला त्याच भागात आणखी भटकावे लागले आणि मग बोल्ट आवळून घेतले. प्रत्येकाने जवळजवळ पाव फेरा घेतला.

पुढचा लेहचा प्रवास सांगण्यासारखा झाला नाही, कारण काही मोडले नाही. टांडीला टाकी भरली होती. पुढचा पंप लागला तेव्हा डिझेल शिल्लक होते. विंच एका ओळखीच्या शेतकऱ्याने नेली, बंपर किलोच्या भावाने भंगारात गेला.

ज्यांना आपली गाडी तोलून पाहायची आहे, त्यांनी मोशी-चाकण रस्त्यावरचा कोणताही वजनकाटा गाठावा. तिथे मोटारगाडीला कोणी नाही म्हणत नाही. सामान आणि माणसे घेऊनच जावे. डंपरवाले जेवायला थांबतात त्या वेळी गेल्यास रांग कमी असते.