आधी गाठ, मग भरवसा

पुण्याच्या दक्षिणेला भोर आणि वेल्हे हे दोन डोंगरी तालुके आहेत. वेल्ह्याचे नाव 2024 मध्ये राजगड तालुका असे ठरले, पण लोकांच्या तोंडी अजून वेल्हेच आहे. आपल्या घरांतून या बाजूला सहल निघते ती बहुधा भाटघर धरणापर्यंत. पाण्याकाठी बिर्याणीचा डबा उघडायचा आणि मगरिबच्या आत घरी परतायचे. दोर बांधून कडा चढण्याचा प्रकार आमच्या ओळखीतल्या एकाही घरात झाला नव्हता.

डिसेंबरातल्या एका शनिवारी पहाटे आम्ही आठ जण दोन गाड्यांतून निघालो. चौघे शाळेपासूनचे दोस्त, त्यांच्यापैकी एकाची पत्नी म्हणजे आमची भाभी, आणि तीन नवे सोबती. हे तिघे प्रस्तरारोहणाच्या सरावात भेटले होते, तिघेही प्रशिक्षण घेतलेले. त्यांच्यात एक ताई होत्या. भाभीच्या अम्मींनी त्यांना फोनवर एकच विचारले, "दोर तुटला तर?" ताई म्हणाल्या, "अम्मी, आम्ही कधीच एका गोष्टीवर जीव टांगत नाही. एक निसटली तर दुसरी धरते, अशीच बांधणी असते." तेव्हा कुठे होकार मिळाला.

आदल्या दिवशी ताईंनी आणखी एक सूचना दिली होती. अत्तर लावून यायचे नाही. कड्यांवर आग्यामोहोळे असतात आणि उग्र वासाने माश्या उठतात. जुम्याला घातलेले कपडे म्हणून घरीच राहिले.

पहिला मुक्काम भोरजवळचा रोहिडा. बाजारवाडीतून वर जायला दोर लागत नाही, त्यामुळे पाय मोकळे करायला हा गड बरा. तीन दरवाजे ओलांडून वर जावे लागते. तिसऱ्या दरवाजावर हत्तींची शिरे कोरली आहेत आणि शिलालेख आहेत, एक मराठीत, एक फारसीत. मुहम्मद आदिलशहाच्या काळात गडाची दुरुस्ती झाल्याचे त्यांवरून कळते. पुढे हाच गड शिवाजी महाराजांच्या स्वराज्यात आला. लेख मात्र कुणी खरवडून काढला नाही. आमच्यातल्या एकाने मदरशात शिकलेल्या अक्षरओळखीवर फारसीतले दोन-तीन शब्द लावले, नव्या सोबत्यांपैकी एकाने मराठी ओळी लावायचा प्रयत्न केला. अर्धा तास सगळे त्या दरवाजातच उभे होतो.

दुपारी परत महामार्गाला लागून नसरापूरमार्गे वेल्हे, आणि तिथून आत मोहरी. लिंगाण्याचा सुळका रायगड जिल्ह्यात मोडतो, पण पुण्याकडचे लोक या गावातूनच तिकडे उतरतात. एका घरी भाकरी, पिठले आणि ठेचा सांगून ठेवला होता. घरच्या मावशींनी सगळ्यांना एकाच पंगतीत वाढले, आणि हलालचा प्रश्न आपोआपच मिटला.

रात्री तीनला उठून डोक्याला बॅटऱ्या लावल्या आणि बोराट्याची नाळ उतरू लागलो. ही घळ मोठमोठ्या धोंड्यांनी भरलेली आहे. रायलिंग पठार आणि लिंगाणा यांच्यामधल्या खिंडीत पोचेपर्यंत फज्रची वेळ झाली. तिथे पाणी नाही. प्रत्येकाजवळ दिवसभराचे तीन लिटर होते, ते प्यायलाच पुरवायचे होते. तयम्मुम करून आम्ही नमाज पढलो. तेवढ्या वेळात नव्या सोबत्यांनी आवाज न करता सामान मांडून ठेवले.

लिंगाणा सुमारे तीन हजार फूट उंच. शिवकाळात इथे कैदी ठेवत. वर जाणाऱ्या पायऱ्या आता बऱ्याच ठिकाणी उरलेल्या नाहीत, म्हणून दोर लागतो. दगड काळा बसाल्ट, पण थराथरांत भुसभुशीत. हाताने धरण्याआधी दगड ठोकून पाहायचा, पोकळ वाजला तर सोडून द्यायचा. निघण्यापूर्वी ताईंनी प्रत्येकाचा हार्नेस, गाठ आणि कॅराबिनरचा स्क्रू हात लावून तपासला, मग त्यांचे स्वतःचे सामान आमच्याकडून तपासून घेतले. भाभीच्या स्कार्फची पिन काढायला लावून टोके आत खोचली. उतरताना सैल कापड दोराच्या यंत्रात अडकले तर माणूस अधांतरी लटकतो.

उंट आधी बांधायचा आणि मग अल्लाहवर तवक्कुल करायचा, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकतो. त्या खिंडीत ती बोटांना कळली. गाठ नीट बांधली की मन हलके होते, आणि मन हलके झाले की पाय थरथरत नाहीत.

निम्म्या वाटेवरच्या गुहेपाशी आमचा सगळ्यात दणकट दोस्त बसला. रोज व्यायामशाळेत जाणारा, पण खालची दरी पाहून त्याचे हात गार पडले. "तुम्ही जा, मी थांबतो," तो म्हणाला. एकट्याला मागे ठेवायचे नाही, असा नियम होता. आम्ही जुने दोस्त एकमेकांकडे बघत असतानाच नव्यांपैकी एक जण दोरातून सुटला आणि त्याच्याशेजारी बसला. त्यानेही लिंगाण्याचा माथा अजून पाहिला नव्हता.

भाभी माथ्यावर पोचली. पश्चिमेला रायगड, पूर्वेला तोरणा आणि राजगड एकाच नजरेत आले. रायगड आणि राजगड 2025 पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत. तिने अम्मींना फोन लावून पाहिला, रेंज नव्हती.

दोराने उतरून गुहेपाशी आलो तेव्हा दोघे खजूर खात गप्पा मारत होते. कधीपासूनचे दोस्त आहेत हे, असे कुणी परक्याने विचारले असते. आता दर रविवारी ते दोघे मिळून सरावाला जातात, आम्हाला न सांगता.

घरात कुणी डोंगर मागितला तर एवढे पाळा. दोराचे काम शिकलेल्यांशिवाय कड्यावर जायचे नाही. पावसाळ्यात तर नाहीच, तेव्हा दगड निसरडा होतो. हेल्मेट प्रत्येकाला हवे, पाणी मोजून घ्यावे. आणि परवानगी देण्याआधी मुलांना विचारा, तुमची गाठ कोण तपासणार आहे? नाव सांगता आले तर जाऊ द्या.