आईचं कॅल्शियम नॉर्मल होतं

९.४. आईच्या रिपोर्टवरचा हा आकडा आठवला की अजून संताप होतो. पाठ दुखते म्हणून ती गावातल्या डॉक्टरांकडे जायची. त्यांनी एकदा रक्त तपासलं आणि सांगितलं, "मावशी, कॅल्शियम नॉर्मल आहे, हाडांची काळजी नको. वयाचं दुखणं आहे." तिने सांगून पाहिलं, की वरच्या फळीवरचा गुळाचा डबा आता हाताला येत नाही, लुगडं टाचेखाली लोळतं. डॉक्टर हसले. बाई बुटकी होत चालली आहे, हे ती स्वतःच्या तोंडाने सांगत होती, आणि कुणी भिंतीला टेकवून तिची उंचीसुद्धा मोजली नाही! पुढे पाण्याची बादली उचलताना पाठीत कळ आली आणि ती खालीच बसली. एक्स-रेमध्ये एक मणका ताजा चेपलेला दिसला, आणि त्याच्या वरचा कधीतरी आधीच चेपून गेलेला.

पुण्याच्या डॉक्टरांनी समजावलं ते असं. शरीरातलं ९९ टक्के कॅल्शियम हाडांत आणि दातांत असतं. रक्तात असतं ते चिमूटभर, पण त्यावर हृदय आणि स्नायू चालतात, म्हणून शरीर ते ढळू देत नाही. कमी पडायला लागलं की पॅराथायरॉइडचं संप्रेरक हाडांतून काढून रक्तात भरतं. म्हणजे हाडं पोखरली जात असतानाही रिपोर्ट नॉर्मलच! आईचं पॅराथायरॉइड वाढलेलं, ड जीवनसत्त्व ११ (२० च्या खाली म्हणजे कमतरता), आणि डेक्सा या हाडांची घनता मोजणाऱ्या तपासणीत टी-स्कोअर उणे ३.१. उणे २.५ लाच ऑस्टिओपोरोसिस म्हणतात. सीटीएक्स नावाची रक्ततपासणीही सकाळी उपाशीपोटी केली. तिच्यावरून रोग ठरत नाही. हाड किती वेगाने झिजतंय आणि औषध लागू पडतंय का, एवढं कळतं.

पासष्टीपुढच्या प्रत्येक बाईची डेक्सा व्हायला हवी. उंची कमी झाली असेल किंवा साध्या पडण्याने हाड मोडलं असेल, तर त्याआधीही. नुसत्या कॅल्शियमच्या आकड्यावर कुणी घरी पाठवत असेल, तर उठू नका.

त्या डॉक्टरांना जाब विचारायचा असं ठरवलं होतं. पण आमच्या तालुक्यात डेक्साचं यंत्रच नाही, आणि वडिलांच्या शेवटच्या दुखण्यात रात्री-अपरात्री धावून आले ते हेच. आई अजून त्यांच्याकडेच जाते. मीच तिला गाडीवरून नेतो.